पेवातल्या तीन भाकरी

अफूविना महिपतचा आज चौथा दिवस, आणि माझ्या पदराच्या गाठीत अफूची शेवटची गोळी. हरभऱ्याएवढी. गाठ आईनं स्वतः मारून दिली होती. "लईच तडफडला त दे," म्हणाली आणि अंगणात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या मोडत बसली.

महिपत माझा धाकटा भाऊ, वय एकोणीस. आमचा जिल्हा आंध्रात गेला, कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या, आणि तीन वर्षांनी अफूचं सरकारी दुकानही बंद झालं. लोकांना वाटलं, चला, सुटले सगळे. व्यसन असं फर्मानानं सुटायला लागलं तर आणखी काय हवं होतं! महिपत चोरून मिळेल ते घेऊ लागला. गेल्या आठवड्यात आदिलाबादला कापसाच्या बाजाराबाहेर निळा पडलेला सापडला. डॉक्टर म्हणाले, पुन्हा घेतली तर श्वास बंद पडेल. आठ दिवस काढले तर पोरगा हाती लागेल. आठ दिवस! इथं चौथ्या दिवशीच तो उन्हाळ्यात गोधडी पांघरून थरथरत होता, आणि मी त्याच्याकडे बघायचं टाळत होते.

कारण ही सवय त्याला वाईट संगतीनं लागली नव्हती. आम्ही लावली होती.

अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य जाता जाता गावोगाव हत्यारबंद टोळ्या फिरत. आईनं आम्हा दोघांना ज्वारीच्या पेवात उतरवलं. पेव म्हणजे धान्याचा खड्डा, माणूस उभा मावेल एवढा खोल. महिपत आठ वर्षांचा, मी बारा. लेकरू गप्प राहावं म्हणून अफूची कणी देणं आमच्याकडे नवं नव्हतं. पाळण्यातल्या बाळाला ती चाटवूनच आया शेतात जात. आईनं माझ्याकडे तीन भाकरी दिल्या, एक पुडी दिली. "रडला त कणभर दे. आवाज नाई करायचा," म्हणाली आणि वरून फळी ओढली.

दोन दिवस आम्ही आत होतो. मी त्याला कणभर दिली नाही, पुष्कळ दिली. तो रडला म्हणून नव्हे. तो झोपला की भाकरी माझ्या एकटीच्या होत्या.

वर आल्यावर त्याला झोप येईना. आई रोज संध्याकाळी कणी देत राहिली. मोठा झाला की सुटेल, म्हणायची. मला पुढे निर्मल गावी दिलं. तिथं मी कोठीचं दार लावून सहा-सहा भाकरी कोंबायची आणि परसात जाऊन घशात बोट घालायची. भाकर पोटात राहिली की पेवातला अंधार आठवायचा. सासूनं दोनदा मला दिवस गेले समजून साखर वाटली. मग पोर काही होईना आणि ओकाऱ्या थांबेनात, तेव्हा माहेरी आणून घातलं. साखर वाटली तेव्हा मेली मी हसलेसुद्धा होते.

"अक्का, दे ना," महिपत म्हणाला.

"नाई रे. मरशील."

"तवा त देत होतीस. रडलो नव्हतो तरी."

मी त्याच्याकडे वळले. "तुले आठवते?"

"पयली गोळी म्या थुकून टाकली होती. कडू लागली. जागाच होतो मी. तू भिंतीकडं तोंड करून खात होतीस." तो धापा टाकत थांबला. "दुसऱ्या दिवशी गिळली. तिच्यानं भूक मरते, अक्का."

"मंग बोलला काऊन नाईस? एक घास त मागायचा होतास, मेल्या!"

"आई म्हणाली होती ना. आवाज नाई करायचा."

मी तोंडात पदर कोंबून रडले. अकरा वर्षं या पोरानं चकार शब्द काढला नव्हता. ना माझ्यावर, ना आईवर, ना त्या खड्ड्यावर. गाठ दाताखाली आली. मी ती सोडली. महिपतनं हात पुढे केला, आणि मी गोळी चुलीतल्या विस्तवात टाकली.

मग तो ओरडला. असा आवाज त्याच्यात असेल हे मला माहीत नव्हतं. मला शिव्या दिल्या, भिंतीवर डोकं आपटलं, पुन्हा ओरडला. आई पऱ्हाट्या टाकून धावत आली आणि तिनं त्याच्या तोंडावर हात दाबला. "चूप रे बाप्पा, चूप, चूप," ती पुटपुटत होती, आणि डोळे मात्र दाराकडे लागले होते.

मी दोन्ही हातांनी तिचा हात ओढून काढला.

"ओरडू दे त्याले, आई," मी म्हटलं. "वर आता कोणी नाई."