दोन मजले, एक कनेक्शन

दोघा भावांच्या चुली वेगळ्या झाल्या तेव्हा घरात कोणाच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं. थोरला खालच्या मजल्यावर, धाकटा वरच्या, सासूबाई थोरल्याकडे. भांडीकुंडी वाटून झाली आणि त्या दिवशी सगळे हसतखेळत जेवलेसुद्धा. पण पुढे धाकट्या सुनेने आपण वेगळं इंटरनेट घेऊ का, असं नुसतं विचारलं, तर सासूबाई डोळे पुसायला लागल्या. "एवढं एक तरी एकत्र राहू दे की गं," त्या म्हणाल्या. मग ते राहिलं.

या सुनेला सगळे धाकटीच म्हणत. एका बांधकाम कचेरीसाठी ती घरी बसून नकाशे काढायची. दिवसभर लोकांच्या घरांच्या भिंती आखायच्या आणि त्या जड फायली इंटरनेटवरून धाडायच्या. आणि इंटरनेटचा डबा खाली, थोरलीच्या बैठकीत, टीव्हीशेजारी. थोरली मनाने वाईट नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. वाईट असती तर धाकटीचं काम सोपं झालं असतं. पण तिला एक खोड होती. दुपारी ती आडवी झाली की डब्यालाही विश्रांती द्यायची. "बिचारा तापतो गं," म्हणून बटण बंद. मग धाकटीने वरून झाडूच्या दांड्याने जमिनीवर ठोकायचं, थोरलीने डोळे चोळत उठून बटण दाबायचं आणि जिन्यातून ओरडायचं, "आलं का गं?"

"आलं, ताई!"

"बघ, मी नसते तर काय केलं असतंस?"

या प्रश्नाला धाकटीकडे फार झकास उत्तर होतं, पण ते रोज गिळावं लागायचं.

डब्यावरचे दिवे लुकलुकले की वरच्या मजल्यावर काय चाललंय ते आपल्याला कळतं, अशी थोरलीची ठाम समजूत होती. "सुट्टीच्या दिवशी कसलं गं एवढं काम?" असं ती विचारायची. एकदा धाकटीने गाद्यांच्या किमती काय पाहिल्या, संध्याकाळी खाली थोरलीच्या फोनवर गाद्यांच्या जाहिराती येऊन धडकल्या. थोरली धापा टाकत जिना चढून आली. "पाठ दुखतेय का गं तुझी? मग सांगायचं नाही का?" त्यात काळजीच होती, आणि तीच अंगावर यायची. धाकटी हळूहळू फोन उघडताना खांदा वळवून बसायला लागली. स्वतःच्या घरात, दार लावून घेतल्यावरसुद्धा.

शेवटी तिने वेगळं घर घ्यायचं मनावर घेतलं. नवऱ्याला तयार करणं म्हणजे दगडाला पाझर फोडणं होतं. तो चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासायचा, पण घरातलं त्याला काही म्हणता काही दिसत नसे. आईला दुखवायचं नाही, दादाला नाही म्हणायचं नाही, असा बोटचेपा माणूस. तिने किती विनवण्या केल्या, रडली, एकदा तर बॅग भरली, तेव्हा कुठे तो "बरं, बघू या" म्हणाला. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, एका नव्या इमारतीत एक फ्लॅट विकायला होता. दोघांच्या पगारात जमत होतं. आधी पक्कं करायचं, मग घरी सांगायचं, असं ठरलं. दलालाने फ्लॅटचा व्हिडिओ पाठवला तो धाकटीने न्हाणीघरात, कडी लावून, आवाज बंद करून पाहिला. त्या रिकाम्या खोल्या पाहताना तिला पहिल्यांदा नीट श्वास घेता आला.

रविवारी दुपारी नवरा घरी होता. म्हटलं, मोठ्या पडद्यावर दाखवू, म्हणजे गडी पुन्हा मागे फिरणार नाही. आता गंमत अशी, की दोघा भावांनी टीव्ही जोडीने घेतले होते, एकाच दुकानातून, अगदी सारखे. आणि इंटरनेट एकच. त्यामुळे फोनवरचा व्हिडिओ टीव्हीवर लावायला गेलं की एकाच नावाचे दोन टीव्ही दिसायचे. त्यातलं पहिलं नाव आपल्या टीव्हीचं, असा धाकटीचा अंदाज होता, आणि तो आजवर चुकला नव्हता. पण थोरलीने नुकताच झोपून उठून डबा बंद-चालू केला होता, आणि त्या उलथापालथीत नावांची अदलाबदल झाली होती. धाकटीला ते काय माहीत? तिने पहिलं नाव दाबलं.

समोरचा टीव्ही ढिम्म. आणि जमिनीखालून दलालाचा खणखणीत आवाज आला, "हा हॉल बघा ताई, भरपूर उजेड! आणि इथे कोणी डोकावणार नाही, घर घ्यायचं तर असं घ्या!"

नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला.  धाकटीने कसाबसा व्हिडिओ थांबवला.  मग बऱ्याच वेळाने थोरल्याची हाक आली, "दोघं जरा खाली या."

जिना उतरताना धाकटीच्या मनात आलं, होऊन जाऊ दे एकदाचं. रडारड होईल, चार दिवस अबोला राहील, पण मग सुटका. 'आम्हाला वेगळं राहायचंय.' एवढंच म्हणायचं होतं. आतून ती खूश होती.

खाली तिघंही टीव्हीसमोर बसले होते. पडद्यावर रिकामा हॉल तसाच थांबलेला, कोपऱ्यात दलालाचा नंबर. थोरल्याच्या कानाला फोन. सासूबाईंचे डोळे वाहत होते.

"आई, ऐका ना," धाकटी म्हणाली, "आम्हाला..."

"काही बोलू नकोस," सासूबाईंनी तिचा हात धरला. "गुपचूप एवढं शोधत होतीस? माझे गुडघे, इथली ओल, सगळं लक्षात ठेवलंस गं बाई."

थोरल्याने फोन खाली ठेवला. "समोरासमोर नाही, अगदी भिंतीला भिंत लागून दुसरा फ्लॅट रिकामा आहे! हे घर विकून टाकू. नाही तरी माझ्या मनात होतंच."

धाकटीने नवऱ्याकडे पाहिलं. आता तरी बोल, असं ती डोळ्यांनी सांगत होती. नवरा घसा खाकरून म्हणाला, "आम्ही... म्हणजे सरप्राइजच द्यायचं होतं."

तिला त्याचं मुस्काट फोडावंसं वाटलं.

"आता तूच सांग," थोरला पडद्यापाशी जाऊन भिंतीवर बोट ठेवत म्हणाला, "तुझा तर धंदाच आहे. या भिंतीत एक दार काढता येईल का? म्हणजे बाहेरून जा-ये नको."

धाकटीने ती भिंत न्हाणीघरात बसून डोळे भरून पाहिली होती. खांब कुठे आहेत ते तिला ठाऊक होतं. नुसती आडोशाची भिंत, सहज दार निघालं असतं.

"नाही," ती म्हणाली. "भार आहे तिच्यावर. हात लावला तर वरचे मजले खाली येतील."

या घरात ती पहिल्यांदाच नाही म्हणाली होती.  तिने मान ताठ केली.

"दार राहू दे गं मग," थोरली समजुतीने म्हणाली. "वायरपुरतं भोक तरी पडेल ना? डबा आमच्याकडेच ठेवू. तू कामाचं माणूस, तुला कशाला त्याचा ताप?"

सगळे तिच्याकडे बघत होते. नवरासुद्धा, हात जोडल्यासारखा चेहरा करून. खोटं एकदा बोलता येतं. पण वायरपुरतं भोक पडत नाही अशी भिंत जगात नसते, हे तर शेंबडं पोरही सांगेल.

"पडेल," धाकटी म्हणाली.

"झालं तर मग!" थोरलीने टाळीच दिली. सासूबाई सरकून बसल्या आणि त्यांनी धाकटीला शेजारी बसवून घेतलं. तिच्या पाठीवरून त्या मायेने हात फिरवत राहिल्या. तिला हंबरडा फोडून रडावंसं वाटत होतं. पण पुढच्या खोल्या बघायच्या राहिल्या होत्या, आणि सगळे खोळंबले होते. तिने फोन हातात घेतला आणि व्हिडिओ पुढे सुरू करून दिला.