देव तांदळात

"हात पट्ट्यातून बाहेर काढलात ना?" डॉक्टर दीप्तींनी विचारलं.

मी पदर सारखा केला, डाव्या हाताने. उजवा पोटापाशी उशीच्या पट्ट्यात बांधलेला होता. "नाही हो," म्हटलं.

त्यांनी सोनोग्राफीचा पडदा माझ्याकडे वळवला. "हे बघा काकू. हा स्नायू खांद्यामागच्या खवाट्यावरून निघतो आणि दंडाच्या हाडाला वर येऊन धरतो. तुम्ही जिन्यात घसरलात, कठडा धरलात, तेव्हा तो इथे फाटला. मी दुर्बिणीतून शिवला. आता टाके ताणलेले दिसतायत. झोपेत असं होत नाही."

"रोज सकाळी काढतात," कल्पिता मागून म्हणाली. "देवांना अंघोळ घालायला."

कल्पिता आमच्या खालच्या मजल्यावर राहते. कामावर अर्धी रजा टाकून माझ्याबरोबर डोंबिवलीहून ठाण्याला आलेली. तरी तिचा राग आला मला. राग कसला, लाजच.

"डाव्या हाताने घाला की," डॉक्टर म्हणाल्या.

"देवाला डाव्या हाताने?"

त्या हसल्या नाहीत. "घरात दुसरं कोणी पूजा करणारं?"

"नाही."

"मग ऐका. अजून तुटलेलं नाही. पण पुन्हा फाटलं तर शिवायला मला धड काही उरणार नाही. हा हात मग डोक्यापर्यंत जाणार नाही. केस विंचरायला नाही, फडताळातला डबा काढायला नाही, आणि तुमच्या आरतीलाही नाही. आणखी महिनाभर तो हलता कामा नये."

परतताना माजिवड्याला रिक्षा अडकली. कल्पिता माझ्याकडे वळली.

"चुगली केली म्हणून रुसलात का मावशी?"

"मी कोणावर रुसणार?"

"माझ्यावर रुसा ना. पण हात आत ठेवून रुसा."

मग मनात घोळत होतं ते मी बोलून टाकलं. "तू घालशील का गं त्यांना पाणी? महिनाभरच."

ती बाहेर बघत राहिली. "मावशी, आमच्याकडे बुद्धवंदना असते, तुम्हाला माहितीय. बाकी पूजा करणार नाही असा शब्द आहे आमचा. तुमच्यासाठी नुसतं हात फिरवल्यासारखं करेन, पण ते तुम्हाला तरी चालेल का?"

चाललं नसतं. आणि तिने आपला नेम मोडलेलाही मला बघवला नसता. एक नेम धरून राहणं म्हणजे काय, ते मला कोणी सांगायला नको.

"रोज अंबाडा घालून देईन," ती म्हणाली. "ती ड्यूटी माझी."

समोरच्या बिऱ्हाडातल्या काकू असत्या तर प्रश्न नव्हता. आमचे हे गेले तेव्हा सुतकात त्यांनीच माझे देव पुजले होते. पण त्या आता शहाडला मुलीकडे. वरचे भाडेकरू उजाडायच्या आत कुलूप लावून बाहेर पडतात. उरला एकच मार्ग. घर बंद करून गावाला जाताना देव तांदळात ठेवतात, तसे ठेवायचे. माझे देव आजवर कधी तांदळात गेले नव्हते, कारण मी कुठे गेलेच नव्हते. आणि आता घर उघडं, मी घरातच, आणि देव तांदळात! असं कोणाकडे ऐकलंही नव्हतं.

माझं सकाळचं सगळं बोलणं त्यांच्याशीच असतं. आज पाणी गार आहे हं, सोसून घे. आज जास्वंद मिळाली नाही, तगरीवर भागव. एकदा देव्हाऱ्यापुढून उठले की दिवसभर तोंड उघडायचं कारण पडत नाही.

संध्याकाळी कल्पिता आली. स्टीलच्या डब्याचं झाकण मला एका हाताने निघेना. "आणा इकडे. झाकण काढण्यात काही पूजा नाही," म्हणाली. मी क्षमा मागून डाव्याच हाताने एकेक देव उचलून तांदळात ठेवला. अन्नपूर्णेचं मला काही वाटलं नाही, ती एरवीही तांदळावरच बसते. शेवटी बाळकृष्ण. त्याचा लोण्याचा गोळा धरलेला हात तेवढा वर राहिला. त्यावर मी मूठभर तांदूळ घातले.

"गुदमरायला नाही ना होत?" कल्पिताने विचारलं.

"देव आहेत गं ते."

"त्यांचं नाही, तुमचं विचारतेय."

मी झाकण तिच्यापुढे सरकवलं.

सकाळी ती अंबाडा घालून, एक पिन जास्तीची खोचून खाली गेली. मी पाटावर बसले. देव्हाऱ्यात नुसतं तांबडं वस्त्र. मानसपूजा करावी म्हणून डोळे मिटले. मनातच बाळकृष्णाला ताम्हनात घेतलं, मनातच पळी उचलली, आणि पट्ट्यातली बोटं वळली. दंड उशीवरून सुटू पाहत होता. खांद्यातून कळ थेट खवाट्यापर्यंत गेली.

मी डाव्या हाताने उजवं कोपर घट्ट धरलं.

"थांब रे," त्याला म्हटलं. ओला, अर्ध्या अंघोळीचा, तसाच ताम्हनात ठेवला आणि डोळे उघडले.

खाली कल्पिताच्या दाराची कडी वाजली, मग कुलूप. ती कामाला गेली. जिन्यातली तिची पावलं ऐकू येईनाशी झाली तरी मी कोपर सोडलं नाही.