सातव्या पायलीला देव पळाले

पुसेगावच्या बाजारात २००१ साली शेंगदाणेवालासुद्धा पाटी उघडी टाकून आकडेबाबाकडे धावत होता. बाबाच्या फळ्यावर एकच आकडा होता, १४२८५७. हे म्हणे सहा देव. घरात जितके जीव तितक्या पायल्या ज्वारी ओतायची आणि तितक्यानंच आकडा गुणायचा. दोनानं गुणा, २८५७१४. तिनानं गुणा, ४२८५७१. देव तेच, फक्त जागा बदलून बसलेले. कॅल्क्युलेटर बाबा गर्दीतल्याच कुणाच्या तरी हाती देई, म्हणजे शंकेला जागा नको. घरात सहाच्या वर माणसं निघाली, तर सुना परक्या घरच्या म्हणून वगळल्या जात. देवांच्या हिशेबातही सुनांचं नशीब तेच.

ज्वारी गेली तर गेली म्हणता आलं असतं. पण देव फिरून आले की रोग्याची औषधं बंद, असा बाबाचा नियम होता. लखमाला टीबी होता. सरकारी दवाखान्याच्या गोळ्यांनी तो नुकता उठून बसायला लागला होता, आणि त्याची बायको जिवनबाई त्याच गोळ्या फडक्यात बांधून बाबाच्या पायावर घालायला निघाली. शाळेत गणित शिकवणाऱ्या करुणाबाई शेजारीच राहत. त्यांनी समजावून पाहिलं, दारात आडवं होऊन पाहिलं, शेवटी संतापून मागोमाग आल्या.

त्या दिवशी बाबाचा चेला तापानं फणफणला होता आणि सुई टोचून घ्यायला हिंगोलीला गेला होता. म्हणून ज्वारी मोजायला त्याच्या जागी बाजारातला मापाडी जळबा बसला. एकाला लाभ म्हणायच्या मापाड्यांच्या रिवाजानं "लाभ, दोन, तीन" करत त्यानं जिवनबाईच्या घरच्या सहा पायल्या ओतल्या आणि हाताच्या सवयीनं देवाच्या नावाची एक वर टाकली. फुकटची ज्वारी बाबा कशाला नको म्हणेल?

करुणाबाईंनी कॅल्क्युलेटर मागून घेतला. "सात पडल्या. सातानं गुणते."

बाबाचं ध्यान तिथल्या तिथं उतरलं. "सहा, बेटी, सहा. वरची काढून घ्या."

"पडलेलं माप मागं घेत न्हाईत, म्हाराज," जळबा म्हणाला. "बरकत जाते."

९९९९९९. सहापैकी एकही देव जागेवर नव्हता.

बाबा कोप, पाप असं बरंच पुटपुटला. करुणाबाईंनी फळा ओढला आणि सगळ्यांसमोर एकाला सातानं भागायला घेतलं. बाकी उरणार ती एक ते सहामधलीच. सगळ्या बाक्या येऊन गेल्या की पहिली परत येते आणि १४२८५७ पुन्हा सुरू. दोनाला सातानं भागलं तरी तोच फेरा, फक्त दोनच्या आकड्यापासून. बाबाचा गुणाकार म्हणजे हाच भागाकार. सातानं गुणलं की सातात सात पुरे जातात, फेरा संपतो आणि उरतात नुसते नऊ. हे शाळेतलं पोरगंही करून दाखवील.

"मंग आमच्या ह्यांचं काय, बाई?" जिवनबाईनं विचारलं.

"ह्या आकड्याला लखमाभाऊ जगले काय, गेले काय, कळत न्हाई. कुणीबी गुणा, तो असाच फिरतो. गोळ्यांनी त्यांना उठून बसवलं, ते तुमी डोळ्यांनी पाहिलं. जे पाहिलं, पडताळलं, त्यावर भरवसा ठेवा."

जिवनबाईनं बाबाच्या पायावरचं फडकं उचललं आणि गाठ सोडत घराकडं निघाली. त्या दिवसाची गोळी अजून द्यायची होती.