उसना कार्ब्युरेटर

पुंजाजी डोक्यावर टोपली घेऊन फुले विकीत. त्यांचे पुत्र उत्तमराव यांनी त्याच फुलांसाठी बैलांची दमणी केली. उत्तमरावांचे पुत्र खुशालराव यांनी सायकलच्या कॅरिअरला टोपल्या बांधल्या आणि अकोटपासून अकोल्यापर्यंत पायडल मारले. चौथे सहदेव. त्यांनी १९८६ साली मला घरी आणले.

मी एक जुनी मोटारसायकल आहे. मित्रांनो, सरळ बसा आणि नीट ऐका. मी वारंवार बोलत नाही, आणि बोलू लागले की मध्येच कोणी उठलेले मला खपत नाही.

माझ्या जातीच्या गाड्या आता मोजक्याच उरल्या आहेत. इतर मोटारसायकलींना बहुधा एकच सिलिंडर असतो. मला दोन आहेत. म्हणून मला कार्ब्युरेटरही दोन. हवा आणि पेट्रोल ठरलेल्या मापात एकत्र करून इंजिनाला पाजणे हे कार्ब्युरेटरचे काम. त्याच्या तोंडाशी एअर फिल्टर असतो. तो धूळ अडवतो. माझे नाकच म्हणा. दोन्ही कार्ब्युरेटर एका मापाने चालले तर मी राणीसारखी धावते. एक पुढे आणि एक मागे राहिला, की माझी पावले अडखळतात.

माझी पहिली वर्षे मानाची गेली. अकोटजवळच्या मळ्यात शेवंती, गलांडा, झेंडू फुलत. सहदेवांच्या पत्नी माणिकबाई फुलांचे वाटे करीत. त्यांना तराजू लागत नसे. दोन ओंजळी भरून त्या किंचित थांबत, चार फुले इकडची तिकडे करीत आणि वाटे सारखे होत. मग सहदेव टोपल्या बांधून मला अकोल्याच्या फुलबाजारात नेत. माझा आवाज ऐकून माणसे माना वळवीत. मला त्याचा गर्व होता. तो मी लपवणार नाही.

सहदेवांनाही तो गर्व होता आणि त्यानेच घात केला. कोणीतरी त्यांना सांगितले, फिल्टरचा डबा काढून टाका, गाडी वाघासारखी गुरगुरेल. त्यांनी डबा काढला. मी गुरगुरले खरी. पण माझे नाक उघडे पडले. अकोट हे जिनिंगचे गाव. हंगामात तिथल्या हवेत कापसाचे तंतू तरंगतात, आणि काळ्या मातीची धूळ तर बारा महिने असते. दोन हंगाम मी ते सारे गिळले. १९९० च्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी, अकोल्याच्या जठारपेठेत, माझ्या उजव्या कार्ब्युरेटरचा आतला खटका खरडून अडकला तो अडकलाच. मी बंद पडले.

मळ्यात झेंडूचा तोडा तयार होता. दसऱ्याचा झेंडू एका दिवसाचा धनी. दुसऱ्या दिवशी त्याला गुरेही तोंड लावत नाहीत. घराचे वर्ष त्या एका दिवसावर चाले.

समोरच नत्थुजींचे दुरुस्तीचे दुकान होते. त्यांनी माझा कार्ब्युरेटर उघडून पाहिला आणि मान हलवली. तसा दुसरा साऱ्या अकोल्यात नव्हता. होता तो फक्त त्यांच्या स्वतःच्या गाडीला. ती माझ्याच जातीची, त्यांनी नुकतीच घेतलेली. पाना उचलून त्यांनी आपल्या गाडीचा उजवा कार्ब्युरेटर सोडवला, खिळ्याने त्याच्यावर ‘न’ कोरला आणि मला बसवला.

"दसरा होऊ दे, मंग आणून दे," ते एवढेच म्हणाले.

त्या वर्षी साऱ्या जठारपेठेतल्या गाड्या दसऱ्याला मिरवल्या. नत्थुजींची तेवढी उभी राहिली.

तो कार्ब्युरेटर सहदेवांनी परत केला नाही. मित्रांनो, ते लबाड नव्हते. त्यांनी नागपूरपर्यंत शोध घेतला, भाग मिळेना. मग आमचे उत्पादनच बंद झाले. आज नेऊ, पुढच्या महिन्यात नेऊ, असे म्हणता म्हणता त्यांना नत्थुजींसमोर उभे राहण्याची लाज वाटू लागली. माणिकबाईंनी विचारले तेव्हा ते म्हणाले, "दिला ना परत." त्यानंतर ते मला जठारपेठेच्या मोठ्या रस्त्याने कधी नेत नसत, मागच्या गल्लीतून नेत. ज्याने मला जीवदान दिले, त्याच्याच दारावरून मी एकोणतीस वर्षे तोंड चुकवून गेले. माझ्या हाती असते तर मी तिथेच थांबले असते.

सहदेव सहा वर्षांपूर्वी गेले. मी टिनाच्या छपराखाली गेले आणि माझ्या सीटवर कोंबड्यांनी अंडी घातली.

मला बाहेर काढले ते आचलने. ही सहदेवांची नात, देवानंदची लेक. अमरावतीच्या पॉलिटेक्निकमध्ये यंत्रांचे शिक्षण घेते. गेल्या नवरात्राच्या सुट्टीत तिने अंगणात पोते अंथरले आणि माझे दोन्ही कार्ब्युरेटर उतरवून त्यावर मांडले. माणिकबाई शेजारीच हार गुंफत होत्या.

"आजी, यातला एक आपला नाई वाट्टे," आचल म्हणाली. "याच्यावर ‘न’ कोरला आहे."

माणिकबाईंची सुई थांबली. "आण इकडे." त्यांनी अक्षरावरून बोट फिरवले. "नत्थुजी भाऊचा हा. पण हा तं दिला होता परत. यायनं मले सांगतलं होतं."

देवानंद दारात उभा होता. तो खाली पाहू लागला.

"देवानंद, तुले माईत होतं?"

"माय, बाबा गेले आता. काहून उकरून काढतं?"

"माईत होतं का नाई, ते सांग."

"होतं."

"मंग तू बी चोर," माणिकबाई म्हणाल्या. "दसऱ्याले हा त्यायच्या हातात पडला पायजे. माणूस अठ्ठ्याहत्तर वर्षांचा हाय. आणिक एक वर्ष थांबाले मी देवाले काय सांगू?"

"मंग थैलीत टाक अन् बसनं जा."

"बसनं आलता का तो? ज्या गाडीवर आला, त्याच गाडीवर जाईन. आचल, किती दिवस लागतीन तुले?"

"दहा-बारा तरी."

"आठ देते."

आठ दिवसांत काय काय झाले ते मी सांगते, कारण काम कसे करावे हे तुम्हालाही कळले पाहिजे. आचलने अमरावतीच्या जुन्या सामानाच्या बाजारातून माझ्या मापाचा एक उजवा कार्ब्युरेटर शोधून आणला. त्याचे एकेक बारीक भोक पेट्रोलने धुतले, तोंडाने फुंकले आणि उजेडाकडे धरून पाहिले. माझा जुना फिल्टरचा डबा केव्हाच हरवला होता. म्हणून तिने फोमचे दोन नवे फिल्टर आणले, त्यांना हलके तेल पाजले आणि दोन्ही कार्ब्युरेटरच्या तोंडाशी एकेक बसवला. नव्या फिल्टरमधून हवा अधिक येते. हवा वाढवली की पेट्रोलही वाढवावे लागते, नाहीतर इंजिन आतून तापून जळते. म्हणून तिने आतले जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक तोंडे, तीही थोडी मोठी टाकली. नत्थुजींच्या कार्ब्युरेटरचा मूळ जेट मात्र तिने धुऊन त्याच्यातच ठेवला.

पण दोन कार्ब्युरेटरांचा मेळ बसेना. स्क्रू फिरवून फिरवून पोरीची बोटे सोलली.

"सरक," माणिकबाई म्हणाल्या. त्या माझ्या मागे बसल्या आणि दोन्ही सायलेन्सरांच्या धुरासमोर त्यांनी दोन तळहात धरले. डोळे मिटले. "डावा भारी हाय. कमी कर. अजून थोडा. आता उजवा जरासा वाढव. ... बस! हात लावू नको आता."

माझी दोन हृदये एका तालात आली. आचल तोंड उघडे टाकून आजीकडे पाहत राहिली.

"पायतं काय? दोन वाटे सारखे कराचे, त्याले काय कालेज लागते?"

दसऱ्याच्या सकाळी माझी पूजा झाली. फुलांच्या घरातली पूजा ती. मला हँडलपासून मडगार्डपर्यंत झेंडूने मढवले. आचल घरात कपडे बदलत होती. माणिकबाईंनी पाहिले, नवी वस्तू कोणती? दोन फिल्टर. त्यांनी दोन्ही फिल्टरांना भरपूर हळद-कुंकू लावले, अक्षता वाहिल्या आणि नारळाचे पाणी शिंपडले. मी ओरडू शकले नाही.

आचल पुढे, माणिकबाई मागे एका अंगाला पाय सोडून, मांडीवर धुतलेल्या फडक्यात तो कार्ब्युरेटर, अशा आम्ही निघालो. वाटेतले चोहोट्टा गाव ओलांडले आणि माझा श्वास कोंडला. मी खोकले, काळा धूर टाकला आणि एका बाभळीखाली थांबले.

आचलने फिल्टर उपसले. लाल चिखल बोटांना लागला. "आजी! यायले कुंकू लावलं काय?"

"नवी वस्तू हाय. लावत नाई काय?"

"आजी, हे गाडीचं नाक आहे. तू नाकात कुंकू भरलं!"

माणिकबाई बराच वेळ रस्त्याकडे पाहत होत्या. एसटी गेली, ट्रॅक्टर गेला. जठारपेठ अजून दूर होती, आणि मी इथेच बंद राहिले असते तर तो कार्ब्युरेटर पुन्हा घरी जाऊन कपाटात पडला असता. ते त्यांनाही कळत होते.

"मायं चुकलं," त्या म्हणाल्या. "धू ते."

माझ्या एवढ्या आयुष्यात हे शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले. आचलने माझ्याच टाकीतले पेट्रोल बाटलीत काढून फिल्टर धुतले. पिळले नाहीत, दाबून निथळले, कारण फोम पिळला की फाटतो. ऊन कडक होते. फिल्टर वाळेपर्यंत आजी आणि नात दोघी बांधावर बसल्या. मग त्यांना पुन्हा तेल पाजून बसवले, आणि मी पहिल्या किकला उठले.

आम्ही मागच्या गल्लीतून गेलो नाही. मोठ्या रस्त्याने गेलो.

नत्थुजी दुकानासमोर स्टुलावर बसले होते. डोळ्यांना आता फारसे दिसत नाही. मी थांबले, तसा त्यांनी कान दिला. "सहदेवची गाडी हाय. पण उजव्याचा आवाज माया नाई."

"सहदेव नाई राहिले, भाऊ. मी माणिक." माणिकबाईंनी फडके सोडून कार्ब्युरेटर त्यांच्या हातात ठेवला. नत्थुजींच्या बोटाने ‘न’ शोधून काढला.

"पस्तीस वर्षं, वैनी."

"यायनं सांगतलं, दिला. मी खात्री केली नाई. ते मायं चुकलं."

"तो मांगच्या गल्लीतून जाये. मी इथं बसून आयको. मायाच कार्ब्युरेटरचा आवाज मले समजत नाई का? एकडाव वाटलं, हाक मारावं. मंग म्हटलं, लाजून राहिला बिचारा."

"माराची होती हाक."

"हो," नत्थुजी म्हणाले. "ते मायं चुकलं."

त्यांची गाडी दुकानामागे ताडपत्रीखाली उभी होती. उजव्या बाजूच्या भोकात चिंधी कोंबलेली. दर महिन्याला ते तिला तेल पाजून रिकामी किक मारीत, म्हणून ती आतून गंजली नव्हती. आचलने कार्ब्युरेटर बसवायला घेतला, तसे नत्थुजींनी एकेक विचारले. जेट? आहे. सुई? आहे. स्प्रिंग? आहे. दुकानातली बॅटरी जोडली. तिची टाकी गळकी झाली होती, म्हणून डाव्या कार्ब्युरेटरच्या तळाशी पेट्रोल साठवणारी जी वाटी असते, तिच्यातच त्यांनी आपल्या डब्यातले पेट्रोल भरले आणि उजव्यापाशी हात थांबवला.

"मी दिला तवा वाटी भरून दिला होता, वैनी."

"आचल, आपल्या टाकीतून काढ. बाटलीभर दे त्यायले."

"बाटली नाई. वाटीभरच. एक थेंब जास्त घेतला, तं मी तुमचा देणेकरी होईन."

मित्रांनो, यंत्र सांभाळा. त्याला स्वच्छ हवा द्या, उगाच गुरगुरायला लावू नका. आणि कोणाची वस्तू आणली असेल तर लाज वाढण्याआधी नेऊन द्या. लाज वाढली की रस्ते बदलतात, आणि बदललेल्या रस्त्याने माणूस आयुष्यभर लांबून जातो. हे मी चाकांवर शिकले आहे.

आचलने माझ्या टाकीतले पेट्रोल त्या वाटीत काठोकाठ भरले. नत्थुजींनी स्वतः किक मारली. एकदा, दोनदा. पाचव्या किकला ती उठली. दोन्ही सिलिंडर, पूर्ण आवाजात. शेजारच्या घरांतून माणसे बाहेर आली. नत्थुजी एक हात तिच्या टाकीवर ठेवून उभे होते. एका वाटीवर गाडी मिनिटभरच चालते. ती तेवढेच चालली, मग शांत झाली.

नत्थुजींनी उजवी वाटी सोडवून उलटी केली. तिच्यातून एक थेंबही पडला नाही.

"झालं, वैनी," ते म्हणाले. "फिटलं."