पाठीला कळणारा ठेका

दुकानात गिऱ्हाईक आलं की बोलायचं काम बायकोचं आणि जोडायचं काम मिस्त्रींचं, अशी वाटणी एकवीस वर्षं चालली. ती काउंटरमागे उंच स्टुलावर बसून विचारायची. गाडीत कोण कोण बसतं, काच वर ठेवून चालवता की खाली, काय ऐकता, किती वेळ ऐकता. मग कागदाच्या तुकड्यावर दोन ओळी खरडून आत सरकवायची. मिस्त्री चिठ्ठी वाचून गाडीत स्टिरिओ बसवायचे. गिऱ्हाइकाचं तोंड बघायची त्यांना कधी गरजच पडली नाही. ती गेली त्याला आठ महिने झाले होते. स्टूल तिथंच होतं, त्यावर आता वायरची भेंडोळी पडलेली असायची.

सोमवारी सकाळी एक बाई आपली छोटी गाडी स्वतः चालवत दुकानात घेऊन आल्या. साठीच्या, ताठ पाठीच्या. उतरल्याबरोबर म्हणाल्या, "मिस्त्री, तोंड माझ्याकडे करून बोला. आणि ती मिशी जरा कापा. ओठ दिसत नाहीत. माझे कान गेलेत."

मिस्त्रींनी मिशीवर हात ठेवला. शेजारचा टायरवाला पाना हातात घेऊन मजा बघत उभा होता, तो फिस्सकन हसला.

"मी नाच शिकवते," बाई सांगू लागल्या. आवाज जरा मोठा, पण शब्द स्वच्छ. "बारा मुली आहेत. जुनी गाणी मला पाठ आहेत, कान होते तेव्हाची. आता नवी धून आली आहे, इथल्याच एका ढोलवाल्याने वाजवून दिलेली, ती मी आयुष्यात ऐकलेली नाही. आमच्या हॉलची जमीन लाकडी होती तोवर मी स्पीकर जमिनीवर पालथा घालून तळपायांनी काम भागवत होते. आता तिथं फरशी घातली. फरशीतून काही येत नाही. गेल्या आठवड्यात एका टॅक्सीत बसले. त्याने मागे मोठा डबा ठेवला होता. ठेका पाठीत असा आला, की उतरायचं विसरून दोन चौक पुढे गेले. तसं माझ्या गाडीत करून द्या. शनिवारी मुलींसमोर उभं राहायचंय. ही धून मला बसवता आली नाही, तर वर्ग भाचीच्या हातात देऊन मी घरी बसणार. अजून कुणाला सांगितलं नाही, तुम्हीही बोलू नका."

एवढं सगळं त्या बोलल्या, पण मिस्त्रींच्या डोक्यात एकच गोष्ट राहिली: कान गेलेत. कान गेलेत म्हणजे आवाज मोठा हवा. ते कपाटाकडे वळले.

"अहो, पाठ फिरवू नका!" बाई ओरडल्या. त्यांनी पर्समधून वही काढली होती. "मला यातलं ओ की ठो कळत नाही. काय काय बसवणार ते सांगा. न समजता मी काही घेत नाही."

मिस्त्रींना असं समजावून सांगायची सवय नव्हती. त्यांनी एक ॲम्प्लिफायर, एक मोठा सबवूफर आणि दारात बसणारा एक स्पीकर काढून काउंटरवर मांडला आणि एका हाताने मिशी वर सारून सांगायला सुरुवात केली.

"हा ॲम्प. टेपमधून येतो तो आवाज अगदी बारीक असतो, हा त्याला ताकद देतो. हा सबवूफर, याच्याकडे फक्त खालचा आवाज. ढोलाचा धम्म. आणि हे दारातले, बाकी सगळं यांच्याकडे."

"मग सर्वात ताकदवान ॲम्प घ्यायचा."

"नाही. जोडी जमली पाहिजे." त्यांनी सबवूफर उलटा केला आणि मागच्या चिठ्ठीवर बोट ठेवलं. "खोक्यावर मोठ्ठा आकडा छापतात, तो क्षणभराचा. तो सोडून द्यायचा. हा छोटा आकडा, आरएमएस लिहिलेला, हा रोजचा. माणूस एकदा पोतं उचलेल, पण दिवसभर किती वाहील? तो आकडा. ॲम्पचा रोजचा आकडा आणि सबचा रोजचा आकडा जवळपास सारखे पाहिजेत."

"ॲम्प कमी असला तर? सब निदान सुरक्षित राहील."

मिस्त्रींनी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. प्रश्न चांगला होता. "सगळ्यांना तसंच वाटतं. पण कमी ताकदीच्या ॲम्पला लोक पिळतात. दम संपला की तो आवाज फाडायला लागतो, आणि फाटका आवाज सबची गुंडाळी जाळतो. दुबळ्या ॲम्पने जाळलेले सब मी जास्त पाहिलेत."

बाईंनी ते लिहून घेतलं. "आणि हे ओहम?"

"अडवणूक. चार ओहमचे दोन सब शेजारी शेजारी जोडले तर अडवणूक निम्मी होते, दोन. ॲम्पला दोन झेपत असेल तरच तसं जोडायचं. नाहीतर तो तापून बंद पडतो."

"आणि हे गोल बटण? आवाज वाढवायचं?"

"नाही! त्याला हात लावायचा नाही. तो गेन. टेपकडून येणारा आवाज आणि ॲम्प यांचा मेळ बसवायचा असतो त्याने. एकदा लावला की विसरायचा."

"पावलाचंही असंच. एकदा बसलं की विसरायचं, हेच मी मुलींना सांगते," बाई म्हणाल्या आणि वही मिटली.

मिस्त्रींनी मंगळवारी दिवसभर खपून काम केलं. बारा इंची दोन सब, भोकाच्या मोठ्या पेटीत. भोकाची पेटी आवाज आणखी फुगवते. ॲम्प दोन ओहमला झेपणारा, आकड्याला आकडा जुळलेला, जाडजूड वायर, बॅटरीजवळ फ्यूज. संध्याकाळी सुरू केलं तेव्हा टायरवाल्याच्या टेबलावरचे नट खाली पडले. "मिस्त्री, भूकंप आणलात!" तो ओरडला. मिस्त्रींना बरं वाटलं. बहिऱ्या माणसाला यापेक्षा जास्त काय देणार?

बुधवारी दुकान उघडायच्या आधीच गाडी दारात उभी होती.

"काढा हे," बाई म्हणाल्या. डोळे लाल होते. "काल तीन तास बसले गाडीत. पाठीला नुसती पिठाची गिरणी लागली आहे. घर्रर्र. ठेका कुठाय त्यात? एक संपत नाही तोवर दुसरा. मोजायचं काय, कप्पाळ?"

"पण आवाज तर..."

"आवाजाचं मी कधी बोलले? मला ठेका पाहिजे म्हणाले होते! तुम्ही विचारलंत का काही?"

विचारलं नव्हतं हे खरंच होतं. जोडणीत चूक नव्हती. सगळे आकडे जुळले होते. पण कशासाठी जुळवायचे ते त्यांना माहीत नव्हतं, कारण ते माहीत करून घेणं त्यांचं काम कधी नव्हतंच.

टायरवाला पलीकडून म्हणाला, "वहिनी असत्या तर पहिल्या दिवशीच..." आणि मग जीभ चावून आत गेला.

मिस्त्रींनी स्टुलावरची भेंडोळी खाली ठेवली, स्टूल फडक्याने पुसून बाईंच्या समोर ओढलं आणि त्यावर बसले. खिशातून चिठ्ठीएवढा कागद काढला. काय विचारावं हे त्यांना चटकन सुचेना. ती काय विचारायची ते आठवून पाहिलं. ती कधीच आवाजाबद्दल विचारायची नाही, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं. ती गाडीत बसणाऱ्या माणसाबद्दल विचारायची.

"त्या टॅक्सीत," त्यांनी हळूहळू, ओठ नीट हलवत विचारलं, "तुम्हाला नेमकं कुठं लागलं?"

बाईंचा राग ओसरला नव्हता, पण प्रश्नाने त्या थांबल्या. डोळे मिटले. "पाठीत. इथं, बरगड्यांच्या खाली. आणि मांडीला वेगळंच. बारीक, टोचल्यासारखं."

"आधी काय? पाठ की मांडी?"

"मांडी. नाही, थांबा. एकदमच. मांडीला टोक, पाठीला वजन. पाऊल टाकताना आधी चवडा टेकतो आणि वजन मागून येतं ना, तसं, पण एकाच क्षणात."

"आणि झाल्यावर?"

"झाल्यावर काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे शांत! मधे शांत असतं म्हणून तर मोजता येतं. तुमच्या डब्यात मधलं काही उरतच नाही."

मिस्त्रींनी कागदावर लिहिलं: मधे शांत. मग उठून कापसाचे बोळे कानात कोंबले, त्यावर ग्राइंडरवर काम करताना लावायचे कानझाके चढवले आणि बाईंच्या गाडीत जाऊन बसले. बाईंनी धून लावली.

इतकी वर्षं हा धंदा करून त्यांनी स्टिरिओ कधी पाठीने ऐकला नव्हता. ढोलाची थाप पडली, सीट हललं आणि हलतच राहिलं. भोकाच्या पेटीतली हवा थाप संपल्यावरही डोलत होती. डिकीचं झाकण वेगळं थरथरत होतं, नंबरची पाटी आणखी वेगळी. दुसरी थाप त्या सगळ्या गाळात येऊन पडली आणि दिसेनाशी झाली. कानाला हा भरदार आवाज वाटला होता. पाठीला तो चिखल होता.

ते उतरले. "उद्या दुपारी या," बाईंना म्हणाले. मग आठवण होऊन विचारलं, "सीट किती पुढे घेऊन बसता? उशी ठेवता का पाठीला?"

"उशी ठेवते."

"काढा ती."

त्या दिवशी आणि दुसऱ्या सकाळी त्यांनी सगळं उपसलं. दोन सबच्या जागी एकच, दहा इंची. पेटी बंद, कुठं भोक नाही. बंद पेटीतली हवा सबच्या पडद्याला लगेच मागे खेचते. आवाज कमी होतो, पण थाप पडली की थांबते. सब एकच असल्याने अडवणूक चार ओहमची. त्याला जुळणारा लहान ॲम्प. पेटी डिकीत न ठेवता ड्रायव्हरच्या सीटमागे, थेट जमिनीला बोल्टने आवळली. डिकीचं झाकण थरथरू नये म्हणून त्याला आतून फेल्टचं जाड कापड चिकटवलं. दारातले स्पीकर काढून त्यांच्या मागे पत्र्याला अस्तर दिलं, आणि त्यांना ॲम्पचे दोन चॅनल वेगळे दिले, म्हणजे मांडीचं टोक कमी पडायला नको.

मग परत कानझाके. पाठीला थाप आता वेगळी कळत होती, मधे शांतही होतं. पण वजन येत नव्हतं. मांडीला टोक लागत होतं आणि पाठीत काहीतरी पोकळ. त्यांनी गेनला हात लावायचा मोह आवरला. टायरवाला काच ठोठावत होता, ओठांवरून वाटलं की विचारतोय, झोपलात का. मिस्त्रींनी त्याला हातानेच वाटेला लावलं.

पोकळ का? सब आणि दारातले स्पीकर एकमेकांना खात असतील. दारातल्या स्पीकरचा पडदा बाहेर येतोय तेव्हा मागच्या सबचा आत जात असेल, तर दोघांची थाप मधल्या मधे मरते. त्यांनी सबच्या दोन वायरी उलट केल्या, अधिकच्या जागी वजा. परत बसले. पहिल्याच थापेला त्यांच्या बरगड्यांखाली कुणीतरी तळहात ठेवल्यासारखं झालं. आणि काढून घेतल्यासारखंही.

ते गाडीतच बसून राहिले. धून संपली. त्यांना खूप दिवसांनी वाटलं, की हे कुणाला तरी सांगावं.

गुरुवारी दुपारी बाई आल्या. मिशी कापलेली बघून त्यांनी मान डोलावली. गाडीत बसल्या, पाठ टेकली, डोळे मिटले. मिस्त्री शेजारच्या सीटवर बसले. धून सुरू झाली. बाईंचं बोट स्टिअरिंगवर पडायला लागलं. पहिली फेरी बोट चाचपडत होतं, कधी आधी, कधी मागून. मिस्त्रींना वाटलं सांगावं, इथं, आत्ता. पण त्यांनी हात मांडीवर दाबून धरले.

दुसऱ्या फेरीत बोट बसलं. एकेक थाप बरोबर. मग बाईंची दुसरी बोटंही हलू लागली, मग खांदा, मग डावा पाय क्लचजवळ उगाच चवड्यावर उचलला गेला.

तिसऱ्या फेरीत त्या थांबल्या. कपाळाला आठी पडली.

मिस्त्री त्यांच्याकडे वळले. "काय झालं? गेला ठेका?"

बाईंचे डोळे मिटलेले, त्यांना दिसलं नाही. त्यांनी हात उचलून गाणं मागे घ्यायची खूण केली. पुन्हा ऐकलं. पुन्हा मागे. मग डोळे उघडले.

"हा वाजवणारा पळतोय," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"ढोलवाला. तिसऱ्या फेरीत. हात थकले असतील किंवा घरी जायची घाई असेल. चार थापा लवकर मारतोय. माझ्या मुली तिथं धडपडतील."

मिस्त्रींनी इतक्या वेळा ही धून ऐकली होती, चांगल्या कानांनी. त्यांना असलं काही जाणवलं नव्हतं. ते पुढे झुकले आणि ती जागा परत लावली. नाही कळलं. परत लावली. तिसऱ्यांदा बाईंनी त्यांचा हात धरून डॅशबोर्डवर ठेवला आणि आपल्या बोटाने त्यावर मोजलं. चौथ्या थापेला ढोल बाईंच्या बोटाच्या आधी येऊन गेला. केसभर.

"पळतोय," मिस्त्री म्हणाले.

"मग! आता त्याला जाऊन सांगते. पुन्हा वाजवून दे म्हणावं, उद्यापर्यंत." बाईंनी गाडी सुरू केली आणि उतरायला विसरलेल्या मिस्त्रींकडे पाहिलं. "तुम्ही येताय का? तो माझं ऐकणार नाही. म्हणेल, बाई, तुम्हाला काय ऐकू येतंय?"

मिस्त्रींनी टायरवाल्याला दुकानाकडे लक्ष ठेवायची खूण केली आणि दार ओढून घेतलं.