रिकाम्या सीटा

"गाडी मांगं घ्या, तुळसाबाई. ह्या फाटकातून सवाऱ्यायची गाडी जानार नाही."

पुंडलिकराव गावंडे गुलमोहर लेआउट या वसाहतीच्या फाटकात मधोमध उभे होते. एका हातात साखळी, दुसऱ्या हातात कुलूप. तुळसाबाईंनी हँडब्रेक ओढला, काच खाली केली आणि डोकं बाहेर काढलं.

"सवाऱ्या कुठी हायेत, भाऊ? ह्या तं शेजारनी हायेत."

मागच्या सीटवर लेआउटमधल्या तिघी बसल्या होत्या. पुढे बिजलीबाई होती, पलीकडच्या बंजारा तांड्यावरची. मांडीवर मेथीच्या जुड्यांचं टोपलं. पुंडलिकरावांची नजर त्या टोपल्यावर येऊन थांबली.

"अन् हे बी शेजारीन काय?"

"तांडा लेआउटाले लागूनच हाय. मंग शेजारीनच झाली ना."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. पुंडलिकराव बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झाले होते, लेआउटच्या समितीचे अध्यक्ष होते, आणि आपल्यासमोर कुणी हसलेलं त्यांना चालत नसे.

"पांढऱ्या पाटीच्या घरगुती गाडीत लोकं भरता येत नाही. कायदा हाय."

"भाडं घेतलं तं कायदा. मी कोनाचा रुपया घेत नाही. ह्या आळीपाळीनं पेट्रोल टाकतात, मी चालवतो. उद्या तुमी म्हनसान, पाव्हन्यालेबी गाडीत बसवू नका."

एवढं बोलून त्यांनी पहिला गिअर टाकला आणि गाडी हातभर पुढे सरकू दिली. पुंडलिकराव बाजूला झाले. साखळीचं एक टोक तेवढं सुटून रस्त्यावर लोळलं, त्यावरूनच गाडी गेली.

गुलमोहर लेआउट यवतमाळच्या बाहेर, बाभुळगाव रोडवर. तुळसाबाई आणि भीमराज मनवर यांनी इथं घर बांधलं तेव्हा शहरातले ऑटो थेट फाटकापर्यंत येत. चार-पाच जण भरले की निघत. मग एकेका घरापुढे गाडी आली. सकाळी दहाच्या सुमाराला एकामागोमाग एक गाड्या बाहेर पडत, प्रत्येकीत एकेकटा माणूस. ऑटो भरेनात, म्हणून ऑटोवाल्यांनी येणंच सोडलं. मागे उरल्या त्या, ज्यांच्या घरची गाडी नवरा घेऊन गेला होता. कॉलेजच्या मुली, म्हाताऱ्या, तांड्यावरून बाजाराला निघालेल्या बाया. त्यांनी मोठ्या रस्त्यापर्यंत चालत जायचं आणि आधीच भरून येणाऱ्या ऑटोला हात दाखवत उन्हात उभं राहायचं.

तुळसाबाई सरकारी दवाखान्यात आया होत्या. भीमराज सरकारी जीपवर ड्रायव्हर. ते गेले, आणि पुढे तुळसाबाईही निवृत्त झाल्या. मुलगा संघदीप पुण्यात इंजिनीअर. त्यानं नवी गाडी घेतली तेव्हा जुनी आईच्या दारात आणून उभी केली. "कुठं जायचं असलं की ड्रायव्हर बोलावत जा," म्हणाला. तुळसाबाईंनी तिच्यावर कापड घातलं आणि ऑटो शोधत पायीच जात राहिल्या.

चैतातल्या एका दुपारी बाजारातून परतणारी बिजलीबाई त्यांच्या घरासमोर रस्त्यावरच मटकन खाली बसली. तुळसाबाईंनी तिला उचलून दारातल्या शेडच्या सावलीत आणलं. पाणी दिलं, गूळ दिला. बिजलीबाईनं जिथे पाठ टेकली होती ती कापड घातलेली गाडी होती.

पुढच्या आठवड्यात तुळसाबाईंनी गाडी शिकायला नाव घातलं. शिकवणारी मोनाली त्यांच्या नातीच्या वयाची. क्लच सोडताना गाडी पुन्हा पुन्हा बंद पडायची. मोनाली एकदा म्हणाली, "काकू, ह्या वयात कायले जिवाले तरास करून घेता?"

"जिवाले तरास होऊन राह्यला म्हनून तं आली," तुळसाबाई म्हणाल्या आणि पुन्हा किल्ली फिरवली.

लायसन्स मिळालं तशी त्यांनी पहिल्यांदा बिजलीबाईला बसवलं. मग एकेक जण येऊ लागली. भाजीवालीला खेटून बसायचं म्हणून दोघी-तिघी सुरुवातीला कचरल्या. तुळसाबाईंनी वाद घातला नाही. "जे आधी येईन ते पुढं," एवढंच म्हणाल्या. बिजलीबाई रोज सगळ्यांच्या आधी यायची. चार दिवस उन्हात उभ्या राहिल्यावर बाकीच्याही निमूट मागे बसू लागल्या. हे पाहून पलीकडच्या गल्लीतल्या दोन मास्तरांनी एक गाडी घरी ठेवली आणि दुसरीतून जोडीनं जायला लागले.

पुंडलिकरावांना नेमकं तेच खुपलं. ज्या लेआउटमध्ये घराघराला पोर्च आहे तिथं लोक तांड्यासारखे एका गाडीत कोंबून जातात, असं ते चारचौघांत बोलले. त्यांच्या स्वतःच्या दारात दोन गाड्या होत्या. मोठी ते वापरत. लहान नुसती उभी असे, आणि बायको विमलताईंना बाजारात जायचं झालं तर नवऱ्याची दुपारची झोप संपायची वाट पाहावी लागे. रोज दहाला तुळसाबाईंची गाडी समोरून जायची तेव्हा विमलताई कंपाउंडच्या भिंतीला हात टेकून उभ्या असत.

फाटकात जमलं नाही म्हणून पुंडलिकरावांनी पुण्याला फोन लावला. शनिवारी पहाटेच्या ट्रॅव्हल्सनं संघदीप आला. चहासुद्धा घेतला नाही.

"आई, गावंडे काका म्हणतात, तुमची आई टमटम चालवते."

"टमटम नाही. तुहीच गाडी हाय."

"तेच म्हणतोय मी." पुण्यात त्याची भाषा बदलली होती, पण आवाज चढला तशी जुनी बोली वर आली. "बाबानं जनमभर दुसऱ्यायले बसवलं. सायबाले, सायबाच्या बायकोले, सायबाच्या कुत्र्यालेबी. त्या जीपमदी तू एक डाव तरी बसली काय? मी गाडी घेतली ते याच्यासाठी, का तू मांगं बसावं अन् दुसऱ्यानं चालवावं. अन् तू लोकं वाहून राह्यली!"

तुळसाबाईंनी चहाचा कप त्याच्याजवळ सरकवला. पोराचं खोटं नव्हतं.

"तू पोटात होता," त्या म्हणाल्या. "कळा सुरू झाल्या तं जीप दारातच उभी होती. समद्या सीटा खाली, रिकाम्या. सायबाची परवानगी नव्हती. तुह्या बाबानं मले हाताले धरून पायी नेलं. मदात दोनदा खाली बसली मी. तवा मले जीपचा राग नाही आला, बाबू. त्या खाली सीटायचा आला."

 हे संघदीपला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

"आता मीच सीटा खाली ठेवून लोकायच्या समोरून जाऊ काय? ते माह्याच्यानं होत नाही."

"लोक हसतात, आई. मले फोन करून सांगतात."

"हसू दे."

"मंग गाडी मी घेऊन जातो."

"ने. तुही हाय."

"अन् तू काय करशीन?"

"पायी जाईन. पन डायवर ठेवून एकटी मांगं बसनार नाही."

रविवारी सकाळी त्यांनी गाडीच्या काचा पुसल्या, सीटवर भाकरी-चटणीचा डबा ठेवला. संघदीप पाया पडला, पण वर पाहिलं नाही. गाडी वळणाआड गेल्यावर तुळसाबाईंनी शेडमधलं कापड उचललं, झटकलं, घडी करू लागल्या. एकटीला ते आवरेना. तसंच गोळा करून कोपऱ्यात टाकलं.

सोमवारी दहाला बिजलीबाई आणि आणखी दोघी दारात आल्या. शेड रिकामी.

"बाई, गाडी?"

"नेली पोरानं."

बिजलीबाईनं टोपलं डोक्यावर घेतलं. "मंग चाला पायीच. आमाले का सवय नाही?"

चौघी निघाल्या. गावंड्यांच्या घरापाशी आल्या तर विमलताई पोर्चमध्ये उभ्या. हातात किल्ली. मागे झोपाळ्यावर पुंडलिकराव पेपर वाचत होते.

"तुळसाबाई, हे लहान गाडी चालवता येते काय तुमाले?"

पेपर खाली आला. "विमल, काय करून राह्यली?"

"हे गाडी कोनाच्या नावावर हाय?" विमलताईंनी मागे न वळता विचारलं.

"ते तं नुसतं कागदावर तुह्या..."

"कागदावर तं कागदावर. पाच वर्सं झाले, माही गाडी हाय. अजून तिच्यात बसून माह्या मनानं कुठीच नाही गेली मी."

"किल्ली दे इकडं."

विमलताईंनी किल्ली तुळसाबाईंच्या तळहातावर ठेवली आणि वरून त्यांची बोटं मिटली. 

तुळसाबाई आत बसल्या. किल्ली फिरवली. नुसतं कट् झालं. पुन्हा फिरवली. पुन्हा कट्.

पुंडलिकरावांनी पायानं झोपाळ्याला झोका दिला. "उभ्या-उभ्या बॅटरी उतरली तिची. जा आता बाजारात."

तुळसाबाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "बिजलीबाई, धक्का मारा व."

टोपलं डिक्कीत गेलं. बायांनी पदर खोचले आणि मागच्या काचेला हात लावले. विमलताईही पुढे झाल्या.

"तुमी राहू द्या ताई, पाय घसरन," बिजलीबाई म्हणाली.

"काहून? माहीच गाडी हाय ना?"

गाडी हलली. रस्ता फाटकाकडे किंचित उताराचा होता. तुळसाबाईंनी क्लच सोडला, गाडीनं हिसका खाल्ला आणि थांबली. मागे कुणीतरी पडता पडता वाचलं, हसण्याचा एकच गलका झाला. पुन्हा जोर लागला. विमलताईंची एक चप्पल मागेच राहिली. झोपाळ्यावरून हाक आली, ती कुणी ऐकली नाही. दुसऱ्यांदा क्लच सोडला तेव्हा इंजिन काळा धूर सोडत खोकलं आणि सुरू झालं.

फाटकाबाहेर तुळसाबाईंनी हँडब्रेक ओढला, पण ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला नाही. चौघी धावत, धापा टाकत आल्या आणि दारं आपटून आत बसल्या. गाडी बाभुळगाव रोडला लागली.

तुळसाबाईंनी मधल्या आरशात पाहिलं. मागच्या काचेवर धुळीचा जाड थर होता आणि त्यात तळव्यांचे ठसे उमटले होते, एकमेकांवर चढलेले, कोणता कुणाचा ते कळत नव्हतं. तेवढ्या ठशांमधून मागचा रस्ता स्वच्छ दिसत होता.