नाकावरचं वर्तुळ

"काका, हे कुणी काढलं?"

मशीनवरच्या बाईंनी दिव्याचा दांडा खाली ओढला आणि पेंटरांच्या नाकाजवळ तोंड आणून पाहिलं. पेंटर खुर्चीत मान मागे टाकून पडले होते. चष्मा काढून मांडीवर ठेवलेला. चष्म्याशिवाय त्यांना बाईंचा चेहरा म्हणजे एक फिकट डाग आणि त्यात दोन काळे ठिपके, एवढाच दिसत होता.

"काय कुणी काढलं?"

"हे वर्तुळ. नाकावरचं."

"तुम्हीच काढलंत की, बाई."

"मी असं नाही काढत. माझं वर्तुळ म्हणजे कोंबडीनं पाय ओढल्यासारखं. हे बघा कसं, बांगडी ठेवून काढल्यागत."

पेंटरांना आधी ते कौतुकच वाटलं. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस. "पुसट झालं होतं," ते जरा खुशीतच म्हणाले, "म्हटलं, हात फिरवून घ्यावा."

बाई यावर हसल्या नाहीत. त्यांनी हातातला शिशाचा पत्रा बाजूला ठेवल्याचा आवाज आला आणि मग डॉक्टरांना बोलवा म्हटल्याचा.

नाकाच्या उजव्या अंगाला, चष्म्याची चकती टेकते तिथे, एक फोड आला होता. आला म्हणजे आला, जायचं नावच घेईना. खपली धरायची, पडायची, पुन्हा धरायची. चष्मा घासतोय असं वाटून त्यांनी चकतीला कापूस गुंडाळला, मग फ्रेमच बदलली. शेवटी बायकोनं हाताला धरून दवाखान्यात नेलं. तिथं त्यातला कण काढून तपासला आणि कातडीचा कॅन्सर निघाला. इतकी वर्षं परांचीवर उभं राहून उन्हात काम केलंत, पांढऱ्या भिंतीची झळ तोंडावर घेतलीत, त्याचं हे, असं डॉक्टर म्हणाले. पेंटरांना काही उमगलं नाही. दुखत नाही, खुपत नाही, आणि नाव मात्र एवढं मोठं.

डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. एक, कापून काढायचं आणि कानामागची कातडी आणून तिथं ठिगळ लावायचं. दुसरी, वरवरचे किरण द्यायचे. कातडीपुरतेच जातात, आत खोल नाहीत. कापाकापी नाही, टाके नाहीत.

"डोळ्याशेजारी सुरी नको," पेंटर म्हणाले होते. "डोळा गेला तर मी काय, भिंती हुंगत बसू?"

लोक या उपचाराला शेक म्हणत, म्हणून पहिल्या दिवशी ते अंग आवळून बसले. डोळ्यांवर झाकण, नाकावर भोक पाडलेला शिशाचा पत्रा, त्यावर मशीनचं नळकांडं. बाई बाहेर गेल्या, दार लागलं, काहीतरी गुणगुणलं, थांबलं. बाहेर बाकावर बसलेल्या बायकोचा जप निम्म्यावरही आला नव्हता.

"झालं, काका."

"काय झालं?"

"शेक झाला."

"मला तर काहीच झालं नाही!"

"होतच नाही काही."

घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं, "अगं, फसवत तर नसतील ना?" ती म्हणाली, "देव जाणे. पण मशीन मोठं आहे."

मग फोडाभोवतीची कातडी लाल झाली, ओलसर झाली, आधीपेक्षा वाईट दिसायला लागली. बाई म्हणाल्या, असंच व्हायला पाहिजे. बायको म्हणाली, "बरी होणारी वस्तू अशी दिसते होय?" पेंटर दोघींकडे बघत राहिले. कुणाचं खरं मानावं, कळेना.

या सगळ्यात एकच गोष्ट त्यांना स्वच्छ समजली होती. बाईंनी पेननं फोडाभोवती खूण काढली होती आणि बजावलं होतं, ही पुसू द्यायची नाही. खूण जपणं हे त्यांना कळणारं काम होतं. पण चष्मा नेमका तिथंच टेकायचा. संध्याकाळपर्यंत रेघ निम्मी उडायची. म्हणून रोज सकाळी आंघोळीनंतर ते आरशासमोर बसत, बारीक ब्रश शाईत बुडवत आणि श्वास रोखून वर्तुळ पुरं करत. चष्मा लावला की ती जागा झाकली जायची. काढला की आरसाच धुक्यात जायचा. मग हाताच्या सवयीनं काढायचं. हात अजून थरथरत नव्हता, याचा त्यांना मनातून आनंद होता.

आता डॉक्टर आले. त्यांनी पहिल्या दिवशीचा फोटो पेंटरांच्या चेहऱ्याशेजारी धरला. बाईंनी पत्रा ठेवून दाखवला.

"सरकलंय," डॉक्टर म्हणाले. "डोळ्याकडे."

"किती?" पेंटरांनी विचारलं.

"थोडं."

"थोडं म्हणजे? एक ब्रशभर?"

"तुमचा ब्रश मी पाहिलेला नाही, काका. कधीपासून काढताय हे?"

पेंटरांनी आठवून पाहिलं. पहिल्यांदा नुसता एका जागी ब्रश टेकवला होता. पुढे अर्धं. सगळं कधी काढायला लागलो? रोजच्या हातानं रोज केसभर सरकत गेलं असेल, तर ते चुकलं कुठल्या दिवशी?

बायकोला आत बोलावलं. ती पदर सावरत दारातच उभी राहिली.

"काकू, हे घरी असं काढतात, तुम्हाला माहीत होतं?"

"रोज काढतात की. मला वाटलं, तुम्हीच सांगितलंय. मी आपला आरसा पुसून देते."

बाई हळूच म्हणाल्या, "मीपण नीट बघायला हवं होतं, सर. इतकं सुरेख दिसत होतं, की मी त्याच्यावरच पत्रा बसवला. किती वेळा, ते सांगता नाही येणार."

डॉक्टरांनी फोटो पुन्हा नाकाशेजारी धरला. मग म्हणाले, "पत्रा नाकाच्या उंचवट्यावर बसतो, त्यामुळे फार हलला नसेल. पण फोडाचा खालचा काठ किरणांतून सुटला असेल, तर तिथून कॅन्सर पुन्हा डोकं काढेल. मग मात्र कापावं लागेल."

"आणि सुटला नसेल तर?"

"तर बरे झालात."

"मग आत्ता मी कोण? बरा का आजारी?"

"आत्ता तुमचे उपचार चालू आहेत," डॉक्टर म्हणाले. "जखम भरू द्या. मग कळेल."

पेंटरांनी मान हलवली, पण ती कशाला हलवली हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. जी गोष्ट टाळायची म्हणून इथवर आलो, ती आपल्याच हातानं तर घरी आणली नाही? आणली असेल. नसेलही. सुरेख काढलं, हा गुन्हा कसा काय झाला?

बाईंनी स्पिरिटच्या बोळ्यानं वर्तुळ पुसलं. चुरचुरलं. मग फोटो बघत, पत्रा ठेवत, काढत, नवीन खूण काढायला घेतली. पेनचं गार टोक कातडीवर अडखळत फिरलं. जिथून निघालं होतं तिथं ते परत आलं नाही, जरा बाजूनंच निघून गेलं. पेंटरांची बोटं मांडीवर ब्रश धरल्यासारखी आपोआप जुळली.

"हात खाली, काका."

"खालीच आहेत."

"घरी आता काही करायचं नाही. पुसलं तर पुसलं, मी फोटोवरून काढीन. आणि हे संपेपर्यंत चष्मा बंद. त्यानंच घासतंय."

"चष्मा बंद?"

"थोडेच दिवस."

दार लागलं. गुणगुणलं, थांबलं. यावेळीही काहीच झालं नाही.

बाहेर ऊन होतं. बायकोनं त्यांची टोपी कपाळावर पुढे ओढली, चष्मा आपल्या पिशवीत टाकला आणि त्यांचा हात खांद्यावर घेतला. इतक्या वर्षांत ते असे कधी रस्त्यानं चालले नव्हते. दोघंही अवघडले.

"लोक काय म्हणतील?" पेंटर म्हणाले.

"म्हणू देत. पायरी आहे."

दोन्ही बाजूंना रंगांचे नुसते ढीग सरकत होते. पेंटर पाट्या वाचल्याशिवाय कधी रस्ता चालले नव्हते.

"ते लाल काय आहे?"

"औषधाचं दुकान."

"अक्षर कसंय?"

"मला काय कळतंय? चांगलंय."

"खाली सावली दिलीय का अक्षराला?"

"असेल बाई. दिलीय." थोडं चालून तीच म्हणाली, "पुढे सायकलवाला. निळ्यावर पिवळं."

"पिवळं उडतं उन्हात," पेंटर म्हणाले.

मग त्यांनी काही विचारायच्या आत ती सांगत गेली. शिवणाचं दुकान, दाताचा डॉक्टर, खोल्या भाड्यानं. एरवी देवासमोर बसल्यावर यायचा तसा तिचा आवाज बारीक आणि सावकाश झाला होता.

वळणावर पेंटर थांबले. समोर काहीतरी मोठं, पांढरं, लखलखीत होतं.

"आणि इथं काय लिहिलंय?"

"इथं काही नाही हो. नुसती भिंत आहे."

"मोकळी?"

"मोकळी."

पेंटर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. बायकोच्या खांद्यावरची त्यांची बोटं जराशी हलली. तिला ते कळलं, आणि पाय भाजत होते तरी तिनं चला म्हटलं नाही.